कोरड्या हवेतली लाट

४ फेब्रुवारी २०१६, गुरुवार

अर्जुनरावांनी आज पॅन हाऊसची, साखर शिजवायच्या इमारतीची, किल्ली दिली. कारखान्याचे चेअरमन स्वतः कुलूप काढायला येतात, म्हणजे कारखान्यात दुसरं काही काम उरलेलं नाही. यंदाही गळीत हंगाम झाला नाही. लिंबागणेशपासून इकडे उसाचं टिपरूसुद्धा दिसत नाही. चाळीस कामगार राहिलेत. सकाळी हजेरी लावतात आणि दिवसभर गेटजवळच्या झाडाखाली बसतात.

"सर, तुमचं ते विमानाचं काय हाय, ते मला बैठकीत सांगता येईल असं सांगा," अर्जुनराव म्हणाले.

मी सांगितलं. विमान आवाजापेक्षा जोरात निघालं की ते येतंय याची वर्दी पुढच्या हवेला मिळत नाही. हवा बाजूला सरायच्या आत विमान तिच्यावर आदळतं. नाकापुढे दाबलेल्या हवेची पातळ भिंत उभी राहते. तिला आघात-लाट म्हणतात. इंजिनाचा केवढा तरी जोर ती रेटण्यात जातो आणि खाली जमिनीवर स्फोटासारखा आवाज होतो. आता नाकाच्या टोकापुढे विजेची ज्योत पेटवली, तिथल्या हवेचा प्लाझ्मा केला, ट्यूबलाइटच्या नळीत असतो तसा, तर ती भिंत मऊ पडते असं काही संशोधक म्हणतात. काही म्हणतात, पडत नाही.

"आन् तुमचं काय म्हणणं?"

"पडते."

"मग झालं. संचालकांनी पॅन हाऊस भंगारात काढायचं ठरवलंय. तुमच्या विद्यार्थ्याच्या बंगळूरच्या प्रयोगशाळेचं संशोधन इथं येतंय असं कागदावर दाखवता आलं तर मला ते थांबवता येतंय. पंधरा-वीस माणसं कामाला लागतील. तुमी पाडा ती भिंत."

बावन्नाव्या वर्षी कुणीतरी मला काहीतरी पाडायला सांगतंय. कॉलेजात मला पंचवीस वर्षांत एक धड पंप मिळाला नाही.

१९ फेब्रुवारी, शुक्रवार

मांडणी उभी राहत आली.

पॅन म्हणजे दोन पुरुष उंचीचं बंद लोखंडी भांडं. त्यातली हवा पंपानं ओढून घेतली की उसाचा रस कमी उष्णतेवर उकळतो, करपत नाही, आणि साखरेचा दाणा पडतो. मला रस नको आहे. मला ते रिकामं भांडं हवंय. हवा काढलेल्या पॅनला मी एक अरुंद, घडीव नळी जोडली आहे. नळीचं दुसरं तोंड मागच्या भिंतीतून बाहेर काढलंय. त्या तोंडावरची झडप उघडली की बाहेरची हवा पॅनकडे धाव घेते आणि नळीत वीस-बावीस सेकंद आवाजाच्या जवळजवळ दुप्पट वेगानं वाहते. विमान हवेत जातं तसं इथे हवाच विमानाकडे येते. विमान म्हणजे बोटाएवढा पितळी सुळका, कारखान्याच्या लेथवर केलेला. ज्योतीसाठी बीडच्या एका पाटीवाल्याकडून निऑन बोर्डाचा ट्रान्सफॉर्मर आणलाय.

मी आत, काळे पडदे लावलेल्या खोपटात. नळीच्या काचेतून उजेड टाकला की समोरच्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर सुळक्याची सावली पडते आणि लाट उभी राहिली तर तिची रेघ दिसते.

झडपेवर धोंडीराम. तीस वर्षं याच पॅनवर त्यानं साखर शिजवली. पहिल्या दिवशी माझी नळी हातानं चाचपून म्हणाला, "सर, ह्या पॅननं लई काय काय गिळलंय. पर नुसती हवा कधी खाल्ली न्हाई."

६ मार्च, रविवार

रेघ दिसली!

सुळक्याच्या टोकापासून दोन्ही बाजूंना, ब्लेडनं ओढावी तशी. धोंडीराम बाहेर असतो, पंपाच्या आवाजात काही ऐकू येत नाही, म्हणून त्याला आत बोलावून पुन्हा चालवलं आणि रेघ दाखवली. झडपेवर तेवढ्यापुरता बिभीषण उभा होता. तो या कामगारांचा पुढारी.

धोंडीराम बराच वेळ पुठ्ठ्याकडे बघत होता. म्हणाला, "हीच का ती भित? एवढीशी?"

१३ मार्च, रविवार

आज ज्योत पेटवली. रेघ मऊ पडली.

मी हे शांतपणे लिहायचा प्रयत्न करतो. सकाळी आधी ज्योतीशिवाय चालवलं. रेघ काल होती तशीच, धारदार. मग पंपानं पॅन पुन्हा रिकामा केला. आम्ही खुणा ठरवल्या आहेत. पंप थांबवला की, नुसतं चालवायचं असेल तर मी "साधं" ओरडतो, ज्योत असेल तर "ठिणगी". "ठिणगी" ओरडलो. धोंडीरामनं दहा मिनिटं लावली. ज्योतीच्या वेळी तो नेहमी थोडा वेळ मागतो, बिडी ओढत असावा. मग झडप उघडली, मी कळ दाबली. सुळक्यापुढे जांभळा ठिपका पेटला आणि रेघ फिकट झाली, रुंदावली, टोकापासून जराशी पुढे सरकली. भोवती धुक्यासारखी आभा. वीस सेकंद. पुन्हा केलं, पुन्हा तेच. साधं केलं, रेघ पुन्हा धारदार.

चार साधे, चार ठिणगीचे. एकदाही चुकलं नाही.

खोपटात उकाड्यानं जीव जातो. पण ठिणगीच्या वेळी नळीभोवतीच्या भिंतीच्या फटीतून गार हवेची झुळूक आली, ओल्या पोत्याचा वास असलेली. लहानपणी उन्हाळ्यात खिडकीला पोतं बांधून त्यावर पाणी मारायचे, त्याची आठवण झाली. आनंदात माणसाला काहीही वास येतात.

२० मार्च, रविवार

वहीत लिहून ठेवण्यासारखी गोष्ट. हवेत वाफ असेल तर असले प्रयोग बिघडतात. हवा इतक्या वेगात एकदम गार होते की वाफेचे थेंब धरतात. थेंब धरताना उष्णता सुटते, प्रवाह मंदावतो आणि लाटेचं रूप बदलतं. मोठ्या प्रयोगशाळांत हवा सुकवायला अख्खी यंत्रणा असते. मला ती दुष्काळानं फुकट दिली आहे. हवेतला ओलावा मोजायचा खोपटातला ओला-कोरडा थर्मामीटर मी रोज सकाळी वाचतो. इतकी कोरडी हवा मी पुस्तकातच पाहिली होती.

घरी बायकोला, तुळजाला, म्हणालो, "मेच्या मध्यापर्यंत पाऊस नाही आला तर बरं."

ती टँकरची वाट बघत ड्रम धूत होती. म्हणाली, "घरात बोललात ते ठीक. बाहेर कुठं बोलू नका."

२ एप्रिल, शनिवार

धोंडीरामच्या घरी चहाला गेलो. कारखान्याच्या वसाहतीतच त्याची खोली आहे. टँकर आठ दिवसांनी येतो, दारातल्या ड्रमला साखळी आणि कुलूप. त्याची बायको छबुबाई कपात चहा ओतता ओतता म्हणाली, "सर, तुमचं विमान लई पाणी पितंय बगा."

मी हसलो. तिला समजावलं की पंपाला लागणारं पाणी टाकीतून फिरून तेच परत येतं, रोज नवं लागत नाही.

"तुमचं बरुबर आसंल," ती म्हणाली. "पर माज्या घागरी रिकाम्या व्हत्यात त्येचं काय?"

"गप की," धोंडीराम म्हणाला. "साहेब माणसापुढं काय घागरी काढतीस?"

गरिबाच्या घरी चहा घेतला की त्यांना पाण्याचा ताण पडतो, हे मला कळायला हवं होतं. पुढच्या वेळी चहा नको म्हणेन.

१० एप्रिल, रविवार

शहादेवचा फोन. तो माझा विद्यार्थी, तलवाड्याकडच्या मेंढपाळाच्या घरातला. आता बंगळूरच्या सरकारी प्रयोगशाळेत नेमकं हेच काम करतो. मी त्याला चित्रं पाठवली होती.

"सर, आमच्याकडं एवढा फरक कधीच पडला न्हाई. आमची ज्योत तुमच्या दसपट मोठी हाय, तरी रेघ जेमतेम हालती, तीबी हवा तापल्यामुळं. तुमचं काय वेगळं हाय?"

"तूच येऊन बघ."

तो सोळा मे रोजी येतोय. एकटाच, पण त्याच्या अहवालावर इथे संशोधनाचं केंद्र काढायचा प्रकल्प ठरणार. अर्जुनरावांना सांगितलं. त्यांनी लगेच फोन लावून भंगाराच्या ठेकेदाराला थांबायला सांगितलं. बातमी गेटपर्यंत पोचली. संध्याकाळी निघताना बिभीषण वाटेत आला. "सर, पोरगं लग्नाचं हाय. कारखाना बंद म्हणून पोरीवाले दारात उभं करीनात. चालू झाला तर लई पुण्य लागंल तुमाला."

२४ एप्रिल, रविवार

धोंडीराम मेव्हणीच्या दहाव्याला गेलाय. झडपेवर बिभीषण. आज ठिणगीनं काहीच झालं नाही. रेघ जशीच्या तशी.

२५ एप्रिल, सोमवार

आजही नाही. ज्योतीच्या तारा घासल्या, ट्रान्सफॉर्मर बदलून पाहिला. ठिपका नेहमीपेक्षा जास्तच ठळक पेटतो. रेघ ढिम्म.

२८ एप्रिल, गुरुवार

धोंडीराम परत आला. पहिल्याच ठिणगीला रेघ मऊ.

मी त्याला म्हणालो, "तुझा हात लागल्याशिवाय हिला जमत नाही बघ."

"पॅन वळकतो मला," तो म्हणाला, आणि खूश झाला.

मी विज्ञानाचा माणूस आहे, असलं काही मानत नाही. बिभीषण झडप पूर्ण उघडत नसणार. आता शहादेव येईपर्यंत धोंडीरामला सुट्टी नाही.

८ मे, रविवार

आज काय झालं ते जसंच्या तसं लिहितो.

सकाळी एक ठिणगीचा प्रयोग करायचा होता. "ठिणगी" ओरडलो आणि एकदम आठवलं की आतून काढलेला फोटो शहादेवला पुरणार नाही, बाहेरच्या तोंडाचाही हवा. मोबाइल घेऊन मागच्या बाजूला गेलो. ठिणगी म्हटल्यावर मी कधी तिकडे गेलोच नव्हतो.

तोंडाभोवती लोखंडी चौकट आहे. तिच्यावर धोंडीरामनं तीन बाजूंनी बारदाना टांगला होता, साखरेची रिकामी पोती. सायकलला दोन घागरी. एक रिकामी झालेली. दुसरी तो पोत्यांवर ओतत होता. पोत्यांतून पाणी ठिबकत होतं आणि त्या ओल्या पोत्यांमधून माझा पॅन हवा पिणार होता.

"हे काय चाललंय?"

"ठिणगीचा बंदोबस्त, सर." मागच्या आवारात बगॅसचा, उसाच्या भुशाचा, तीन वर्षं वाळलेला ढीग आहे, त्याच्याकडे त्यानं हात केला. "ठिणगी म्हणलं की आदी बारदाना भिजवायचा. आमच्याकडं तसा नियमच हाय. अठ्ठ्याण्णवला वेल्डिंगची एक ठिणगी उडाली न् अक्खा ढीग पेटला. सुंदररावाचे दोन्ही हात गेले. तव्हापसून मी भिजवल्याबिगर ठिणगी पाडू दिली न्हाई कुणाला."

"पण माझी ठिणगी आत आहे, धोंडीराम. नळीत. काचेच्या आड."

"ठिणगी ती ठिणगी, सर."

"आणि पाणी?"

"घरचं."

पहिल्या दिवसापासून. प्रत्येक ठिणगीला दोन घागरी. साध्याला पोती काढून ठेवायचा, कारण तेव्हा गरज नाही. मी खोपटातला थर्मामीटर वाचत होतो.

वहीतले सगळे आकडे माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले. त्यांतला एकही खोटा नाही.

९ मे, सोमवार

खात्री केली. पोती न भिजवता ठिणगी: रेघ धारदार. पोती भिजवून, ठिणगी न पाडता: रेघ मऊ, पुढे सरकलेली, भोवती आभा. मी ज्याला प्लाझ्माची आभा म्हणत होतो ते धुकं होतं.

धोंडीराम झडप सोडून आत आला. "सर, पाण्यानं काय बिगडतंय का?"

"काही नाही. तपासतोय."

"मग भिजवू का नको?"

"नेहमीसारखं चालू दे," मी म्हणालो. ते का म्हणालो, हे मला माहीत नाही.

११ मे, बुधवार

दोन दिवस विचार करतोय. सगळाच फरक वाफेचा कशावरून? थोडा प्लाझ्माचाही असेल. माझ्या साधनांनी तो वेगळा काढता येत नाही. प्रकल्प आला तर हवा सुकवायची यंत्रणा येईल, नीट मापं येतील, मग काढता येईल. आज सगळं सांगून टाकलं तर पॅनच राहणार नाही, मग वेगळं काय आणि कशानं काढायचं? म्हणजे सत्य शोधायलाच थोडा वेळ हवा आहे.

हे वर लिहिलेलं वाचलं. पटण्यासारखं आहे.

१३ मे, शुक्रवार

गेटवर कामगारांनी फलक रंगवायला घेतलाय. स्वागताचा. छबुबाई वसाहतीतल्या बायकांना घेऊन पॅन हाऊस झाडत होती. मला पाहून पदर सावरत म्हणाली, "सर, सोमवारी टँकर हाय. मी तीन घागरी बाजूला ठिवणार बगा तुमच्यासाठी."

मी मान हलवली.

१५ मे, रविवार

धोंडीरामला मी भिजव असं सांगितलेलं नाही. भिजवू नकोस असंही सांगितलेलं नाही.

१६ मे, सोमवार

शहादेव दहा वाजता आला. गाडीतून उतरल्या उतरल्या सगळ्यांसमोर माझ्या पाया पडला. अर्जुनरावांनी हार घातला, तो त्यानं काढून माझ्या गळ्यात घातला.

खोपटात आम्ही दोघंच. साधा प्रयोग केला. रेघ धारदार. तो म्हणाला, "सर, साखरेच्या भांड्यात एवढी स्वच्छ लाट! आमच्या लोकांना सांगितलं तर हसत्याल." मग मी "ठिणगी" ओरडलो. दहा मिनिटं आम्ही जुन्या गोष्टी बोलत बसलो. वसतिगृहात त्याच्याकडे एकच शर्ट होता, रात्री धुऊन तो सकाळी ओलाच घालायचा, ते दिवस. मला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

रेघ मऊ झाली. शहादेव ओरडलाच. माझा दंड धरून हलवत म्हणाला, "सर! आयला, सर!" चाळिशीचा माणूस. पडद्याबाहेर टाळ्या झाल्या.

मग चहा. पॅन हाऊसच्या दारात सगळे उभे. शहादेवनं धोंडीरामला जवळ बोलावलं.

"काका, झडपेवर तुमीच का?"

"व्हय. आन् एवढ्या ठिणग्या पडल्या, पर एकदाबी आग लागू दिली न्हाई."

"आग कशी लागंल?"

मग धोंडीरामनं सगळं सांगितलं. अठ्ठ्याण्णव साल, सुंदररावाचे हात, बारदाना, घागरी. मोठ्या उत्साहानं. चेअरमनसमोर त्याला असं कुणी कधी विचारलं नव्हतं. शहादेवनं कप खाली ठेवला. तो मागच्या बाजूला गेला, ओल्या पोत्यांना हात लावला आणि हात तसाच ओला घेऊन परत आला.

"सर, एकदा पोती काढून करू?"

"करू."

केलं. रेघ धारदार. त्यानं स्वतः कळ दाबून ठेवली होती, ज्योत पूर्ण पेटलेली होती. वीस सेकंद तो रेघेकडे बघत राहिला.

बाहेर आल्यावर सगळ्यांच्या देखत त्यानं विचारलं. आवाज अगदी हळू होता. "सर, तुमाला हे म्हाईत व्हतं?"

मी म्हणालो, "नाही."

धोंडीराम माझ्यापासून चार हातांवर उभा होता. नऊ तारखेला पोती भिजवून आणि न भिजवता मीच त्याच्याकडून चालवून घेतलं होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. पॅनवरच्या दाबाच्या घड्याळाचा काटा कुठे आहे हे बघावं तसं. मग म्हणाला, "सरांना काय म्हाईत आसनार? त्ये आत अंधारात. माजं मीच करत व्हतो समदं."

अर्जुनराव पुढे आले. "ए धोंड्या, अकलेचा भाग हाय का न्हाई तुला? कुणी सांगितलतं तुला पाणी मारायला?"

"कुणी न्हाई, मालक."

गाडीत बसताना शहादेव मला म्हणाला, "काकांना रागवू नका, सर. त्यांनी नियम पाळला." मग म्हणाला, "एका टायमाला एकच गोष्ट बदलायची, हे तुमीच शिकवलंय मला. बाकी काही धरा, न धरा, तेवढं मी धरून हाय." या वेळी तो पाया पडला नाही. घाई होती, त्याला औरंगाबादहून विमान गाठायचं होतं.

त्याला काही कळलं असं मला वाटत नाही.

१९ मे, गुरुवार

कॉलेजात गेलो. उत्तरपत्रिका तपासल्या.

२६ मे, गुरुवार

भंगाराचा ठेकेदार येऊन पॅनची मापं घेऊन गेला. पॅन उतरवायला त्याला इथली सहा माणसं हवीत. यादी बिभीषणनं केली. धोंडीरामचं नाव नाही. या पॅनचे सांधे त्याच्याइतके कुणालाच माहीत नाहीत, पण बाकीचे त्याच्याबरोबर काम करायला तयार नाहीत. वसाहतीत त्याला 'भिस्ती' म्हणतात. "भिस्ती आला, घागरी झाका" असं नळावर बायका छबुबाईच्या तोंडावर म्हणतात.

हे मला तुळजानं सांगितलं. तिला वसाहतीतल्या दूधवालीनं. मग तिनं विचारलं, "तुम्ही त्या माणसाला भेटायला का जात नाही?"

"जाईन."

"त्यानं तुमचं काय वाईट केलंय?"

मी भाकरीचा तुकडा मोडला. ती माझ्या ताटाकडे बघत राहिली.

३० मे, सोमवार

धोंडीरामकडे गेलो. दार पुढे केलेलं. छबुबाई उंबऱ्यात बसली होती. चहा विचारला नाही.

"धोंडीराम आहे का?"

"रानात गेल्यात." रानात या दिवसांत काय आहे? "काय काम व्हतं?"

मी म्हणालो, "छबुबाई, धोंडीरामची काही चूक नाही. मला आधीच कळलं होतं."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "मला ठावं हाय. त्येंनी सांगितलं मला त्याच दिशी. आन् कुणाला सांगू नको म्हणले. सरांची नोकरी जाईल म्हणले." मग म्हणाली, "माझ्याजवळ बोलून काय फायदा? मी का त्येंना भिस्ती म्हणती व्हय?"

५ जून, रविवार

आज कारखान्याची विशेष सर्वसाधारण सभा. मी सभासद नाही, तरी गेलो. मंडपात चारशे-पाचशे माणूस, पंखे दोन. आमच्याकडे सभा कशी चालते ते लिहिण्यासारखं नाही. सचिव विषय वाचतो, तो संपायच्या आत समोरून "मंजूर, मंजूर" होतं आणि पुढचा विषय येतो.

तिसरा विषय पॅन हाऊसची यंत्रसामग्री विकण्याचा. तो वाचताना मात्र मंडप शांत होता. बिभीषण उठला. "मंजूर न करून सांगता कुणाला? आलेलं केंद्र एका माणसाच्या येडेपणानं गेलं. तो इथंच बसलाय, भिस्ती. त्येला इचारा, सुख लागलं का?" माणसं हसली. कुणीतरी शिवी दिली. धोंडीराम सगळ्यात मागे, मंडपाच्या खांबाला टेकून उभा होता. तोही सभासद आहे.

मी उठलो. माईकपर्यंत जाताना कुणी अडवलं नाही.

मी म्हणालो, "धोंडीरामचा दोष नाही. पाण्यामुळे प्रयोग खोटा ठरतोय हे पाहुणे यायच्या आठ दिवस आधी मला कळलं होतं. मी धोंडीरामला थांबवलं नाही. कारण तो खोटा प्रयोग पाहुण्यांना खरा वाटावा असं मला हवं होतं. पाहुण्यांनी विचारलं तेव्हा सगळ्यांसमोर मी खोटं बोललो. आणि केंद्र पाण्यामुळे गेलं नाही. ते येणारच नव्हतं. त्या ज्योतीत काही नव्हतं."

इतकं सरळ मी आयुष्यात बोललो नव्हतो. मग बिभीषणच म्हणाला, मघाचा आवाज पार बदलून, "सर, कावून सोतावर घेता? तुमी असं करणार व्हय? गरिबाला वाचवायसाठी बोलताय, आमाला कळत न्हाई का?"

"मी खरं बोलतोय."

"बसा सर, बसा," दोन-तीन बाजूंनी आवाज आले. मायेनं.

अर्जुनरावांनी माझ्या हातातून माईक अलगद काढून घेतला. माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी खरं बोलतोय हे त्यांना पक्कं कळलं होतं. त्यांचा हात खांद्यावर जरा जास्तच घट्ट होता. "बघा मंडळी," ते म्हणाले, "एका कामगाराची चूक सरांनी आपल्या अंगावर घेतली. असं मन आजकाल कुठं बघायला मिळतं? अडाणी माणसाच्या हातून चूक झाली, आपुन ती विसरू. पर सरांना विसरायचं न्हाई. या सभेनं सरांच्या अभिनंदनाचा ठराव करावा, असं मी सुचवतो."

"मंजूर!" सगळा मंडप एकदम.

"एकमतानं?"

"मंजूर! मंजूर!"

या वेळी एक आवाज इतरांच्या वर आला, मागच्या खांबाकडून. तीस वर्षं पंपाच्या घरघरीवर ओरडून बोलायची सवय असलेला. सचिव इतिवृत्ताच्या वहीत लिहीत होता. त्यानं मान वर करून मला विचारलं, "सर, तुमचं पूर्ण नाव?"

मी सांगितलं.